सहा क्रमांकाचा पाठपुरावा

मार्च २००९ च्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी नऊ वाजता, दुबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सहा क्रमांकाची रुग्ण ठरलेल्या तपासणीला आली नाही. साडेनऊला तिच्या मोबाइलवर फोन केला. तो बंद होता. घरचा फोन वाजत राहिला. नवऱ्याच्या मोबाइलवर, हा क्रमांक वापरात नाही, असे आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगण्यात आले. अकरा वाजता मी नोंदवहीत ‘आली नाही’ असे लिहून पुढे वेळ टाकली.

सहा क्रमांक म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरील एका औषधाच्या चाचणीत आमच्याकडून नाव नोंदवलेली सहावी बाई. चाचणीच्या कागदांवर नावे लिहीत नाहीत. इथे मी तिला शुभांगी म्हणते. ते तिचे नाव नाही. इतरांचीही नावे बदलली आहेत.

मी त्या चाचणीची समन्वयक होते. त्याआधी अकरा वर्षे मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००६ मध्ये दुबईला आले. रुग्णालयाला संमतिपत्रे हिंदी-मराठीत नीट लिहू शकेल असे माणूस हवे होते. माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राची जुनी पदवी होती. बाकीचे शिकवू, असे डॉक्टर कुरियन म्हणाले. ते कोट्टायमचे, कर्करोगाचे डॉक्टर, चाचणीचे आमच्याकडचे प्रमुख. माझ्याशी हिंदीत बोलत, आणि ती हिंदी त्यांनी अर्धी पुण्याच्या वसतिगृहात आणि अर्धी दुबईच्या टॅक्सीत कमावलेली होती.

समन्वयकाचे काम बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. एखादे नवे औषध जुन्यापेक्षा सरस आहे का, हे ठरवायला शेकडो रुग्ण लागतात. निम्म्यांना जुने देतात, निम्म्यांना नवे, आणि वर्षानुवर्षे दोन्हींकडे काय होते ते मोजतात. डॉक्टर तपासतात. मोजणारा समन्वयक असतो. गोळ्यांची बाटली परत घेऊन उरलेल्या गोळ्या मोजणे, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावणे, काय दुखते, कधीपासून, किती, हे विचारून लिहून घेणे. तपासणीची तारीख सात दिवस मागेपुढे चालते. आठव्या दिवशी ‘चूक झाली’ अशी नोंद करावी लागते.

संमतिपत्र अठरा पानांचे होते. मराठी भाषांतर माझे. तिसऱ्या पानावर एक वाक्य होते: ‘या चाचणीत सहभागी झाल्यामुळे आपल्याला प्रत्यक्ष फायदा होईलच असे नाही.’ बायका बाकी पाने उलटत जात आणि या वाक्यापाशी थांबत. मग मान वर करून विचारत, मग कशाला? मी डॉक्टरांकडे बोट दाखवी. डॉक्टर कुरियन प्रत्येकीला तेच उत्तर देत. नवे औषध चांगले आहे हे माहीत असते तर चाचणीच केली नसती. चाचणीतले रुग्ण बाहेरच्यांपेक्षा बरे राहतात का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. खात्रीने एवढेच सांगता येईल की दर तीन महिन्यांनी कोणीतरी तुमची चौकशी करील. या उत्तराने बऱ्याचजणी निराश होत. काही जणी सही करत.

सगळी उत्तरे कागदावर उतरत नसत. चार क्रमांकाची रुग्ण अजमानची एक वयस्क अरब बाई होती. तीन मुलींना घेऊन यायची, सोबत कॉफीचा थर्मास आणि खजूर. झोप लागते का, अल्हम्दुलिल्लाह. सांधे दुखतात का, अल्हम्दुलिल्लाह. मी सगळीकडे ‘तक्रार नाही’ अशी खूण केली. सहा महिन्यांनी मधल्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितले, की आई जिना चढत नाही, रात्री गुडघे धरून बसते, पण देवाने दिलेल्या दुखण्याची तक्रार परक्यासमोर करायची नसते, म्हणून ती देवाचे आभार मानते. दोन तपासण्यांचे कागद दुरुस्त करावे लागले.

शुभांगी आली ती सप्टेंबर २००८ मध्ये. वय त्रेचाळीस. शारजात दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा श्रीकांत एका बांधकाम कंपनीत मोजमापे आणि अंदाजपत्रके करी. मुलगी ऋचा दहावीत. शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होती. डोक्यावर स्कार्फ, त्याखाली नुकते उगवलेले केस. आमच्या चाचणीत निम्म्या जणींना पाच वर्षे नेहमीची गोळी मिळणार होती, निम्म्या जणींना तीच गोळी आणि जोडीला नवे औषध. लपवाछपवी काही नव्हती. कोणाला काय मिळाले ते सगळ्यांना माहीत असे. निवड मात्र डॉक्टरांच्या हातात नव्हती. मी एका परदेशी क्रमांकावर फोन करायचा, रुग्णाचा क्रमांक सांगायचा, आणि पलीकडचा संगणक काय ते सांगायचा.

मी फोन ठेवला आणि सांगितले, नेहमीची गोळी.

“म्हणजे आपल्याला काही लागलं नाही,” श्रीकांत म्हणाला. “मॉलमधल्या लकी ड्रॉसारखंच. कूपन भरा आणि घरी या.”

“गाडी लागली असती तर ठेवली कुठे असती?” शुभांगी म्हणाली. “पार्किंग आहे का आपल्याला?”

तिने चाचणी सोडावी असे त्याचे मत होते. तीच गोळी शारजातल्या दुकानात मिळते, मग दर तीन महिन्यांनी ट्रॅफिकमध्ये दोन तास कशाला. ते बरोबर होते. ती राहिली. कारण विचारायची मला मुभा नव्हती आणि मी विचारले नाही.

डिसेंबरच्या तपासणीला ती आली तेव्हा बाहेर धुके होते. त्या हिवाळ्यात सकाळी बरेचदा असे. शारजाहून येणारी गाड्यांची रांग धुक्यात हळूहळू पुढे सरके, आणि वर, रांगेच्या कितीतरी वर, उंच क्रेनचे दांडे कशालाही न टेकता हवेत तरंगल्यासारखे दिसत. काही क्रेन वळत होत्या. बऱ्याच थांबल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभे राहून बायका त्यांकडे बघत राहत, आणि नाव पुकारले तरी पटकन वळत नसत. तिथे वेळ वेगळ्या गतीने जाई. तीन महिने म्हणजे एक बाटली. एक वर्ष म्हणजे चार बाटल्या.

शुभांगीच्या बाटलीत नियमापेक्षा सात गोळ्या जास्त निघाल्या. आम्ही दिलेली छापील डायरी तिने भरली नव्हती. त्याऐवजी तिने पिशवीतून भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरची तीन पाने काढली, घडी घालून आणलेली. दुधाच्या पिशव्या, गॅसचा सिलिंडर, ऋचाची चाचणी परीक्षा, आणि रोजच्या चौकोनात गोळीची एक बारीक टिकली. संकष्टी-एकादशीच्या सात चौकोनांत टिकली नव्हती. गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची सवय लावली होती, आणि उपासाला नाश्ता नसतो. संकष्टीला ती चंद्र पाहून, जेवून मग घेणार असायची. पण कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ मुंबईची. शारजाला त्या वेळेला चंद्र इमारतींमागे कुठे असायचा कोण जाणे. गच्चीवर जाऊन वाट पाहायची, मग जेवायचे, मग गोळी राहून जायची.

“उपासाला औषध चालतं,” मी सांगितले.

“आईंना विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, चालतं, पण मनात शंका नको.” आई म्हणजे सासूबाई, सांगलीला. “तुमच्या फॉर्मात शंकेला रकाना आहे का?”

रकाना नव्हता. मी ‘उपवासामुळे चुकलेल्या मात्रा: सात’ असे लिहिले. कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या. चाचणीचा खर्च उचलणाऱ्या औषध कंपनीकडून आलेल्या तपासनिसाने, तो जर्मन होता, त्या पानांकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले की पानावर कोपऱ्यातली चित्रे कशाची आहेत. मी म्हटले, चंद्राची.

त्या दिवशी जाताना तिने सहज सांगितले होते, की श्रीकांतच्या ऑफिसात माणसे कमी करताहेत.

आता मार्चकडे येते.

पाठपुराव्याचा नियम असा: तीन वेगवेगळ्या दिवशी फोन, मग एक पत्र, मग ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करून फाइल बंद. मी तीन दिवस फोन केले. चौथ्या दिवशी पत्र लिहायला घेतले आणि थांबले. या देशात टपाल घरी येत नाही. प्रत्येकाचा पत्ता म्हणजे त्याच्या कंपनीची पोस्टाची पेटी. शुभांगीच्या फॉर्मवर श्रीकांतच्या कंपनीची पेटी होती. कंपनीला फोन लावला. उचलणाऱ्याने सांगितले की तो विभाग आता नाही. नोकरी जाते तेव्हा पत्ताही जातो, हे मला फॉर्म बनवताना सुचले नव्हते. तरीही पत्र टाकले, कारण नियम होता.

शुक्रवारी मी शारजाला गेले. घरी जाणे नियमात लिहिलेले नव्हते, मनाईही नव्हती. दाराबाहेर दुसऱ्या कोणाच्या चपला होत्या. रखवालदार पेशावरकडचा होता. तो म्हणाला, साब लोग सामान बेच के गया. कुठे, ते त्याला माहीत नव्हते. वॉशिंग मशीन त्यानेच घेतले होते.

बातमी शोधताना आपल्याकडे काय नाही यापेक्षा काय आहे ते आधी पाहायचे, ही सवय वर्तमानपत्रातली. माझ्याकडे एक गोष्ट होती. मुलगी दहावीत होती आणि बोर्डाची परीक्षा मार्चअखेरपर्यंत होती. दहावीचे पेपर टाकून कोणतेही मराठी कुटुंब देश सोडत नाही. ऋचाच्या शाळेचे नाव फाइलला लावलेल्या कॅलेंडरच्या पानावर होते. शाळेने केंद्र सांगितले. पुढच्या पेपरला, दुपारी, मी केंद्राच्या फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत उभी राहिले.

ऋचाने मला ओळखले. डिसेंबरला ती आईबरोबर आली होती. तिने आधी आजूबाजूला पाहिले.

“आंटी, मम्मा सेड नॉट टू टेल द हॉस्पिटल.”

“मी कोणाला सांगायला आले नाहीये. कुठे आहे आई?”

“किश,” ती म्हणाली. आणि मग, जणू हा प्रश्न अवघड नव्हता असे दाखवायला, “आय हॅव मॅथ्स ऑन थर्सडे.”

माझ्या गाडीत बसून तिने बाकीचे सांगितले. बाबांना जानेवारीत नोटीस मिळाली. त्यांचा आणि ऋचाचा व्हिसा नोटिशीची मुदत संपेपर्यंत चालणार होता. आईचा नेमका मध्येच संपला. नूतनीकरणाला बाबांच्या पगाराचा दाखला लागतो आणि नोटिशीवरच्या माणसाला कंपनी तो देईना. शिवाय नूतनीकरणाला वैद्यकीय तपासणी असते. त्या तपासणीत कर्करोग सापडेल आणि कायमचे परत पाठवतील, असे कोणीतरी बाबांना सांगितले होते. ते खरे नव्हते. ती तपासणी दुसऱ्या रोगांसाठी असते. पण तोवर त्यांनी ठरवून टाकले होते: आईने देशाबाहेर जायचे, व्हिजिट व्हिसाचा कागद आला की परत यायचे, परीक्षा संपली की तिघांनी भारतात जायचे. रुग्णालयाला कळले तर ते सरकारला कळवतील, म्हणून फोन बंद. ऋचा दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीत बाबांच्या मित्राकडे राहत होती. बाबा अबू धाबीला, अल रीम आयलंडवरच्या एका साइटवर काम मिळते का ते बघायला गेले होते.

किश हे समोरच्या किनाऱ्यावरचे इराणचे बेट. छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. त्या वर्षांत व्हिसा संपलेली माणसे तिथे जाऊन नव्या कागदाची वाट पाहत. कोणी दोन दिवस, कोणी दोन महिने. ऋचाच्या वहीत हॉटेलचा नंबर होता.

मी त्याच संध्याकाळी ऑफिसातून फोन केला. हॉटेलवाल्याने नाव मोठ्याने पुकारले, आणि पुकारा बराच वेळ कुठल्याशा लांबच लांब कॉरिडॉरमधून जात राहिला. मग शुभांगीचा आवाज आला. मी कोण ते सांगितले.

मग ती बोलत राहिली. मी वही उघडून लघुलिपीत सगळे उतरवून घेतले, जुन्या सवयीने. एका खोलीत सहा जणी होत्या, चार फिलिपिनो, एक नेपाळी, आणि ती. सकाळी सगळ्याजणी हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर आपले नाव लागले का ते पाहून येतात. ज्यांचे लागते त्या बॅग भरतात. ज्यांचे नाही त्या समुद्रावर जातात. पाणी इतके हिरवे, की खाली आपली सावली दिसते. किनाऱ्यावर एक जुने जहाज रुतले आहे, संध्याकाळी माणसे त्याच्यामागे सूर्य बुडताना पाहायला जमतात आणि कोणी बोलत नाही. रस्त्याकडेला हरणे येतात. माणसांना भीत नाहीत. त्यांनाही कुठे जायचे नसते. इथे बायकांनी डोके झाकायचे असते. “सगळ्यांचेच केस झाकलेले,” ती म्हणाली. “मे महिन्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बघत नाहीये.” बेटावर वड आहे, चक्क वड, पारंब्यांसकट, आणि लोक त्याला काहीबाही बांधतात.

“तुम्ही बांधलंत का?”

“वटपौर्णिमेला वेळ आहे अजून. तोवर इथे ठेवताय की काय मला?”

गोळ्या किती आहेत, विचारले. नऊ. उपासालाही घेते, म्हणाली. इथे कॅलेंडर नाही, एकादशी कधी कळत नाही. काही त्रास? काही नाही. पाय जरा जड वाटतो, वाळूत चालते ना रोज. तुम्ही काळजी करू नका. ऋचाला सांगा, स्टेप्स लिहायच्या, उत्तर चुकलं तरी स्टेप्सना मार्क असतात.

फोन ठेवल्यावर मी फाइलमध्ये नोंद केली. इंग्रजीत तीन ओळी. त्यांचा मराठी अर्थ असा: रुग्णाशी दूरध्वनीवर बोलणे झाले. सध्या देशाबाहेर, लवकरच परतेल. प्रकृती बरी, रोज समुद्रकिनाऱ्यावर फिरते.

पाय मी गाळला. विसरले नव्हते, वहीत लिहिलेला होता. अकरा वर्षे मी दुसऱ्यांच्या मजकुरातून अनावश्यक ते काढत आले होते. ज्या गोष्टीचे कारण सांगणाऱ्यानेच दिले आहे, ती बातमी नसते. पाय जड, कारण वाळू. वाळू राहिली, पाय गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कुरियननी नोंद वाचली. सापडली म्हणून त्यांना आनंद झाला. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, लघुलिपीत लिहिले आहे का. मी हो म्हटले.

“उसने क्या बोला वो पढ़ो,” ते म्हणाले. “तुमने क्या समझा, वो नहीं.”

मी वाचत गेले. फळा, हिरवे पाणी, जहाज, हरणे. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मला वाटले, त्यांचे लक्ष नाही. पायापाशी त्यांनी डोळे उघडले.

“एक पैर या दोनों?”

मी विचारले नव्हते.

ती गोळी रक्त घट्ट करू शकते. क्वचित एखादीच्या पायातल्या शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जाते. संमतिपत्राच्या नवव्या पानावर हे लिहिलेले होते, सोप्या मराठीत, आणि ते मराठी माझे होते.

फोन लागायला चाळीस मिनिटे गेली. शुभांगी समुद्रावर गेली होती. तिला बोलावून आणले. डॉक्टर हिंदीत बोलत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. कौन सा पैर. पिंडली. कब से. दबाओ तो. दूसरा वाला इतना ही मोटा है क्या, देखो. मग ते म्हणाले, आता चालायचे नाही, हॉटेलवाल्याला फोन दे. त्यांनी हॉटेलवाल्याला बेटावरच्या रुग्णालयाचे काम समजावले. तो म्हणाला, आज सुट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, “यल्ला, हबीबी. अभी.” त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी एकदाच ऐकला.

डाव्या पायात गुठळी निघाली, गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली. बेटावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. रिपोर्ट फॅक्सने आला, फारसीत, त्यातले फक्त आकडे वाचता येत होते. नेपाळी बाई तिच्याजवळ थांबली. फळ्यावर आपले नाव लागले होते तरी तिने एक विमान सोडले. हे शुभांगीने मला नंतर सांगितले. त्या बाईचे नाव तिला आठवत नव्हते.

शुभांगीचा व्हिसा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. ती परतली तेव्हा ऋचाचा एक पेपर उरला होता. विमानतळावरून श्रीकांत तिला थेट आमच्याकडे घेऊन आला, पायात जाड लांब मोजा, डोक्यावर अजून किशची ओढणी. डॉक्टरांनी तपासले. ती गोळी आता कायमची बंद, त्याऐवजी दुसरा उपाय, असे सांगितले. श्रीकांत म्हणाला, म्हणजे चाचणी संपली.

इथे मला धंद्यातली एक बाब सांगावी लागते. औषध बंद होणे आणि चाचणीतून बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध सोडलेल्यांनाही शेवटपर्यंत मोजतात. नाहीतर हिशेब खोटा पडतो. मी हे सांगितले. शुभांगीने विचारले, “म्हणजे मी अजून आहे त्यात?”

“आहात. सहा नंबर.”

“मग असू दे,” ती नवऱ्याला म्हणाली.

श्रीकांत गाडी आणायला खाली गेला तेव्हा मी तिला सांगितले की पायाचे मी आधी लिहिलेच नव्हते. तिच्याच वाळूच्या कारणामुळे, वर्तमानपत्रातल्या जुन्या सवयीने, गाळले होते. डॉक्टरांनी वही वाचायला लावली म्हणून सापडले. हे सांगणे माझ्या कामाचा भाग नव्हता.

ती मोजा वर ओढत होती. “पेपरवाल्या ना तुम्ही,” ती म्हणाली. “जागा नसेल.”

चाचणीच्या कागदांवर खाडाखोड करायला परवानगी नसते. चूक असेल तर तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी खरे ते लिहायचे, सही आणि तारीख. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा येतो आणि मूळ चूक रद्दीत जाते. इथे जात नाही. ‘प्रकृती बरी, रोज समुद्रकिनाऱ्यावर फिरते’ हे माझ्या अक्षरात, एका रेघेखाली, अजून फाइलमध्ये आहे. शेजारी मी तिचे मराठी वाक्य जसेच्या तसे लिहिले. त्यानंतर नऊ वर्षे मी ते काम केले आणि रुग्णाचे वाक्य पुन्हा कधी लहान केले नाही. फॉर्म लांबत. तपासनीस कुरकुरत.

एप्रिलमध्ये ते कुटुंब सांगलीला गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस चाचणी बंद झाली. औषधात दोष सापडला म्हणून नाही. औषध कंपनीने खर्च कमी करायचे ठरवले होते, आणि पत्रात ‘व्यावसायिक कारणे’ एवढेच शब्द होते. नवे औषध जुन्यापेक्षा सरस होते की नव्हते, हे त्या चाचणीतून कोणालाच कळले नाही. जमवलेली माहिती कुठे छापून आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्या केंद्रात अकरा जणी होत्या. त्यांच्या फाइली खोक्यांत भरून तळघरात गेल्या. डॉक्टर कुरियननी रुग्णालयाच्या समितीला एक अर्ज केला, की या अकरा जणींना पाच वर्षे चौकशीचे वचन दिलेले आहे, ते कंपनीने नव्हे, आपण दिले आहे; वर्षातून एक फोन करायला परवानगी असावी. समितीने दिली.

ते फोन मी करत असे, दर वर्षी जिच्या तिच्या महिन्यात. दुपारी, रुग्ण नसताना. त्या वेळी खिडकीबाहेर अर्धवट उभ्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत. काहींवर पुढे मजले चढले, काही तशाच राहिल्या. फोन कोट्टायमला लागे, मनिलाला लागे, अजमानला लागे. पलीकडे कधी कुकरची शिट्टी, कधी पाऊस, कधी मुलींची कुजबुज आणि मग अल्हम्दुलिल्लाह, ज्याच्यामागे मी आता तीन प्रश्न विचारत असे. सांगलीहून शुभांगी बोले. सासूबाई वारल्या. ऋचा इंजिनिअरिंगला पुण्याला आहे. श्रीकांत कतारला गेला आणि परत आला. पायाला संध्याकाळी सूज येते, मोजा घातला की उतरते. तेही मी लिहिले.

लोक मला विचारतात, घरात कोणाला हा आजार झाला की फोन येतात, चाचणीत जावे का, फायदा होतो का. मी संमतिपत्राचे तिसरे पान वाचून दाखवते. त्या वाक्यात बदल करण्यासारखे मला अजून काही सापडलेले नाही.

अकरा जणींचे पाच वर्षांचे शेवटचे फॉर्म २०१३ आणि २०१४ मध्ये भरले गेले. त्यात जिवंत किंवा मृत, आजार उलटला किंवा नाही, आणि माहिती कोणी दिली, एवढे तीनच रकाने होते. तीन फॉर्मांवर माहिती मुलाने किंवा नवऱ्याने दिली. सहा क्रमांकाचा फॉर्म सप्टेंबर २०१३ चा आहे. जिवंत. आजार उलटलेला नाही. माहिती कोणी दिली: रुग्णाने स्वतः.